नाक नसलेलं घर

यंदा थंडी आली ती न्हाणीघरातून. सकाळी साडेआठचा सुमार, मी तोंडावर पाणी मारत होते. वरच्या जाळीतून एरवी फक्त कुणाचा तरी नळ आणि कुणाचं तरी भांडण ऐकू येतं. त्या जाळीतून ओव्याचा वास आला. मागोमाग वावडिंग, लसणाच्या साली आणि सगळ्यात शेवटी, रेंगाळत, निखाऱ्याचा तो कोरडा वास. धुरी! खालच्या कुठल्या तरी मजल्यावर बाळ आलं होतं आणि त्याला न्हाऊ घालून कुणीतरी धुरी देत होतं. तोंड न पुसताच मी उभी राहिले आणि मोजायला लागले. एक, दोन, तीन. आपण काय मोजतोय हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी तेविसावर होते. मी त्या न पाहिलेल्या बाळाचे श्वास मोजत होते.

आमच्या शहरातली थंडी म्हणजे दीड-दोन महिन्यांची पाहुणी. तिचं कौतुक करून होतं न होतं तोच ती निघून जाते. पण तिला एक वाईट खोड आहे, ती धुराला वर जाऊ देत नाही. सकाळी गच्चीवर गेलं की हर्सूल तलावाच्या बाजूनं एक करडी पट्टी शहरभर पसरलेली दिसते, साधारण दुसऱ्या मजल्याच्या उंचीची. तिच्यावर पाण्याच्या काळ्या टाक्या तेवढ्या दिसतात. खाली माणसं आहेत हे त्यांच्या खोकण्यावरून समजतं. गच्चीवर फिरायला येणाऱ्या बायका म्हणतात, काय छान धुकं पडलंय! मी मान डोलावते. प्रत्येकीचा फोटो काढून देते. उगाच कुणाची सकाळ कशाला खराब करा.

नऊ वर्षांपूर्वीच्या अशाच एका हिवाळ्यात माझ्या घरात, माझ्या हातून, महिन्याभराच्या बाळाचा श्वास थांबता थांबता राहिला. त्याचा ठपका दुसऱ्याच एका बाईवर गेला आणि मी तो जाऊ दिला. एवढं एक वाक्य लिहायला मला नऊ हिवाळे लागले. आता लिहिलंच आहे तर बाकीचंही लिहिते.

यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अशी, की त्या हिवाळ्यात मी पोटापाण्यासाठी लोकांचे श्वासच मोजत होते. एका वैद्यकीय महाविद्यालयाला जाणून घ्यायचं होतं, की माणूस कसल्या घरात राहतो त्याचा त्याच्या छातीवर काय परिणाम होतो. त्यासाठी आम्हा चार-पाच बायकांना फॉर्मांचे गठ्ठे आणि एकेक प्लास्टिकची नळी दिली होती. नळीवर आकडे आणि एक लाल काटा. छाती भरून श्वास घ्यायचा, नळीत जोरात फुंकायचं, काटा सरकेल तिथला आकडा लिहायचा. हर्सूलच्या बाया तिला सरळ फुंकणी म्हणायच्या. तान्ह्या बाळांना फुंकता येत नाही, म्हणून त्यांचं अंगडं वर करून, घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट पोट बघायचं. पोट वर, पोट खाली, एक. साठाच्या पुढे गेलं तर तडक दवाखान्यात पाठवायचं. फॉर्मावर पहिल्या ओळीत माणसाचं नाव असे, पण खरी चौकशी घराची. भिंत कसली, छत कसलं, खिडक्या किती. आणि सातवा प्रश्न: घरात धूर होतो का? हो किंवा नाही.

महिनाभर असं हिंडल्यावर मला एक विचित्र सवय लागली. घरात शिरताना माणसांकडे बघण्याआधी मी घराचा श्वास ऐकायला लागले. हसू नका. घरं श्वास घेतात. काही नीट घेतात, काही चोरून घेतात, आणि काही घरं अशी असतात की आपण आत असेपर्यंत ती श्वास धरून बसतात.

हर्सूलच्या बाजूला तेव्हा पत्र्याच्या खोल्यांची एक लांबच लांब ओळ होती. दोन खोल्यांमध्ये एकच भिंत, तीही वरपर्यंत न गेलेली. तिथं खोकला एका माणसाचा नसायचा. पहिल्या खोलीत म्हातारा खोकायचा, मग दुसरीतली पोर, मग तिसरीतली तिची आत्या, असा तो खोकला ओळीच्या टोकापर्यंत जायचा. मग थोडी शांतता. आणि मग तो परत यायचा. मी फॉर्म भरत मधल्या खोलीत बसलेली असायचे आणि तो डावीकडून येऊन माझ्या अंगावरून उजवीकडे जायचा. पहिल्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. आठवड्याभरानं मलाही त्या ओळीत माझी पाळी आल्यासारखं खोकायला व्हायला लागलं.

त्या ओळीतल्या शेवटच्या खोलीत हलीमाखाला राहायच्या, सगळ्या ओळीच्या मावशी. शहरभर हिंडून बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालणं हे त्यांचं काम. पन्नाशीची, उंच, हाडापेरानं मोठी बाई. हात मात्र असे, की रडणारं पोर त्यांच्या पंजात आलं की आधी गप्प व्हायचं आणि मग विचार करायला लागायचं. मी फॉर्म घेऊन बसले तेव्हा माझ्या कागदावर टपकन थेंब पडला. मी वर पाहिलं. पाऊस नव्हता, नोव्हेंबर होता.

"रातभर आमी जे सोडतो ना, बाई," खाला म्हणाल्या, "ते वर पत्र्याला जाऊन चिकटतं. सकाळी उन्हं लागली की टपकतं. आमचाच दम आमच्यावर पडतो."

थेंब 'छत' या शब्दावर पडला होता. शाई पसरली. मी वर बघितलं तर सगळा पत्रा आतून घामेजलेला होता आणि एकेक थेंब पडायच्या बेतात थांबला होता. पण पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फट होती आणि तिच्यातून निळं आभाळ दिसत होतं, हेही मी त्या दिवशी पाहिलं. पाहिलं आणि फॉर्मात लिहिलं, 'खिडकी नाही'. फटीला रकाना नव्हता.

औरंगपुऱ्यातलं एक घर अजून माझ्या स्वप्नात येतं. दुकानांच्या मागच्या बोळात, जिना चढून एकच खोली. तिथं दम्यानं बेजार झालेले एक काका आणि त्यांची सून राहायची. पलंगाच्या उशाला निळ्या फुलांचा पडदा होता. मी विचारलं, खिडक्या किती? सून गडबडीनं म्हणाली, "एक." काका म्हणाले, "अगं, ती लाव आता. गार वारं यायलंय." सून उठली, पडद्यामागे हात घातला, खुडबुड केली, पडदा सारखा केला. काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "आता कसं बरं वाटलं," म्हणाले. जाताना सून जिन्यापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "शेजाऱ्यांनी भिंतीला भिंत लावून बांधलंय, ताई. पडद्याच्या मागं नुसत्या विटा हायत. त्यांना दिसत नाय. मी रोज उघडते अन् रोज लावते." मी फॉर्मावर 'एक' खोडून 'शून्य' लिहिलं. मग मला राहवलं नाही, परत एकदा आत डोकावून पाहिलं. पडदा हलत होता. सूनबाईचा हात नुकताच लागला होता म्हणून हलत असणार. मी तसंच मानलं आणि भराभरा जिना उतरले.

आणि मग फ्लॅट. तिथं दार किलकिलं व्हायचं, साखळी तशीच. आत सुगंधी गारवा, चकचकीत फरशी आणि कमालीची शांतता. सरकत्या खिडक्या घट्ट लावलेल्या. डास येतात, धूळ येते, आवाज येतो, कबुतरं येतात. "धूर? आमच्याकडे? छे हो!" म्हणणाऱ्या बाईच्या पायाशी डासांची कॉइल जळत असायची. मी 'नाही' लिहायचे. पत्र्याच्या खोलीतही गॅस आलेला, त्यामुळे तिथलीही उत्तरं 'नाय' अशीच. देवापुढच्या उदबत्त्या, शुक्रवारचा लोबान, कॉइल, धुरी, यातलं काहीच कुणाच्या लेखी धूर नव्हतं. धूर म्हणजे चुलीचा. बाकी सगळं म्हणजे भक्ती नाहीतर माया. लोकांना काय हसू, मीही तशीच होते.

माझा फ्लॅट तेव्हा नवाकोरा होता. तिसरा मजला, हर्सूलच्याच बाजूला. नवरा जालन्याला नोकरीवर, शनिवारी येऊन सोमवारी जाणारा. माझ्या धाकट्या बहिणीचं, मंजूचं, पहिलं बाळंतपण माझ्याकडे ठरलं. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती, त्यामुळे माहेर म्हणजे मीच. दिवाळीनंतर निनाद जन्मला आणि आठवडाभरात ती दोघं घरी आली. न्हाऊ घालायला मीच हलीमाखालांना बोलावलं. मी आईची जागा घेतली होती आणि ती जागा तसूभरही रिकामी दिसू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून सगळं आईसारखं करत होते. डिंकाचे लाडू, शेपा, कानाला फडकं, आणि वाऱ्याची एक झुळूक आत येऊ नये म्हणून खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी. दाराखाली जुना टॉवेल. मी घराचा श्वास ऐकणारी बाई! आणि माझ्या घराचं नाक मी स्वतः चिकटपट्टीनं बंद केलं.

घर लगेच बदललं. काचा आतून ओल्या राहायला लागल्या. कपाटामागच्या कोपऱ्यात एक काळा डाग उमटला. मी तो ब्रशनं घासला, दोन दिवसांनी तो परत आला, आधीपेक्षा उंच. मंजू एकदा पाळण्याशी बसल्या बसल्या म्हणाली, "ताई, त्या कोपऱ्यात कुणीतरी उकिडवं बसलंय असं वाटतं गं." मी तिला दटावलं. बाळंतिणीच्या मनात काहीबाही येतं, म्हणाले. पण त्यानंतर कपाटातून कपडे काढताना मीही त्या कोपऱ्याकडे पाठ करायची नाही.

आमच्या गावच्या घरी बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी असायचीच. मातीचं माळवदाचं घर. खोलीच्या छताला मधोमध एक भोक होतं आणि त्यात फुटक्या घागरीचं तोंड बसवलेलं. आई बाळाला धुरी द्यायची तेव्हा धूर कसा सरळ उठून त्या भोकातून निघून जायचा, हे मी लहानपणी शंभरदा पाहिलंय. धूर लक्षात राहिला. भोक राहिलं नाही.

हलीमाखालांनी पहिल्याच दिवशी फ्लॅटमध्ये उभं राहून चारी बाजूंना पाहिलं होतं. न्हाणं झालं, मी ओवा-वावडिंग काढून ठेवलं, तर त्या निखारे घेऊन दाराकडे निघाल्या.

"इथं आत नको, बाई. जिन्यात देते."

"अहो, जिन्यात थंडी आहे. बाळ गारठेल."

"गारठलेलं पोर मी गरम करीन. ते मला येतं." त्यांनी मान हलवली. "तुमच्या घराला नाकच नाय, बाई. आमच्या पत्र्याला फटी हायत, धूर त्याचा त्यो निघून जातो. हितं त्यो बसतो. आपुन उठून गेलो तरी त्यो बसलेला असतो."

मंजू खो खो हसली. मीही हसले. मनात मात्र म्हटलं, बाईंना काम टाळायचंय. रोज त्या दारात उभं राहून, पदराआड, चिमूटभर धुरी द्यायच्या आणि शेगडी मागच्या गॅलरीत ठेवून जायच्या. "विझू द्या, हात लावू नका," असं रोज बजावायच्या.

त्या दिवशी फार गारठा होता. मंजूची पाठ दुखत होती, न्हाणं होताच तिला झोप लागली. खाला गेल्या, मी गॅलरीत गेले, शेगडीत अजून निखारे होते. वर दोन मुठी कोळसा घातला, तो फुलू दिला आणि शेगडी उचलून आत आणून मंजूच्या पलंगाखाली सारली. थोडा ओवा टाकला. आई असती तर हेच केलं असतं, असं मनात आलं आणि मला फार बरं वाटलं, डोळे भरून आले. टॉवेल दाराशी नीट लावून, बाहेरून दार ओढून मी दहा वाजता कामाला गेले. त्या दिवशी मी अकरा घरं केली आणि अकरा वेळा विचारलं, घरात धूर होतो का?

चार वाजता परतले तर जिन्यात माझ्या दाराशी हलीमाखाला बसलेल्या. मंजूच्या पाठीला तेल लावायला त्या दुपारी यायच्या. त्यांचा कान दाराला लावलेला होता.

"अर्धा घंटा झाला, बेल वाजवतेय," त्या म्हणाल्या. "आतून कायच ऐकू येत नाय."

मी किल्लीनं दार उघडलं. आधी टॉवेल आडवा आला. घर जसंच्या तसं होतं. धूर म्हणावा असा काही नव्हता, नुसती एक फिकट निळसर पट्टी, उन्हाच्या तिरपीत, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर थांबलेली. हलत नव्हती. आईच्या फोटोचा हार हलत नव्हता. फरशीवर एक पाल उताणी पडली होती. घड्याळ तेवढं चालू होतं. मंजू पलंगावर झोपलेली, गाल कधी नव्हे इतके गुलाबी. खरं सांगायचं तर तिला तसं बघून पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. कशी छान झोप लागलीय, म्हटलं. मी पाळण्याशी गेले, सवयीनं घड्याळाकडे पाहिलं आणि निनादचं पोट बघायला लागले. वर. मग खाली. आणि मग काहीच नाही. मी वाट बघत उभी होते. माझ्या तोंडातून पुढचा आकडा निघायला तयार होता आणि पोट हलत नव्हतं. त्या वेळी त्या घरातली प्रत्येक वस्तू माझ्यासारखीच वाट बघतेय असं मला वाटलं. कोपऱ्यातला तो काळा डागसुद्धा.

खालांनी मोजलं नाही. त्यांनी मला बाजूला ढकललं, पोर उचललं आणि पळत जिन्यात गेल्या. मी नखांनी चिकटपट्टी ओढत बसले, ती निघेना, तेव्हा खलातला बत्ता उचलून काच फोडली. गार वारा असा आत आला की कपाटाचं दार आपोआप उघडलं. मंजूला हलवलं तर ती हसली, काहीतरी पुटपुटली आणि ओकली. जिन्यातून खालांचा आवाज येत होता, "रड, राजा, रड. रो रे मेरे लाल." ते रडत नव्हतं. शेजारची माणसं जमली. मी खालांच्या हातातून पोर ओढून घेतलं आणि रिक्षात बसले. शेजारणींनी मागून मंजूला आणलं. खालांकडे मी वळून पाहिलं नाही. निनाद पहिल्यांदा कण्हला तो दिल्ली गेटापाशी, माझ्या मांडीवर. हे महत्त्वाचं आहे. तो आवाज फक्त मी आणि रिक्षावाल्यानं ऐकला.

चार दिवस त्याला ऑक्सिजनवर ठेवलं, काचेच्या पेटीत. मंजू दुसऱ्या दिवशी उठून बसली. डॉक्टरबाईंनी सांगितलं, कोळशाचा वायू, त्याला वास नसतो, बंद घरात माणूस झोपेतच जातो. मग विचारलं, "शेगडी आत कुणी ठेवली?" पलंगाशी मंजूच्या सासूबाई उभ्या होत्या. मी तोंड उघडलं आणि मला खोकला आला. तो खोकला खरा होता. पण मी तो जरा लांबवला. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "ती न्हाऊ घालणारी. दुसरं कोण? अडाणी बाई." डॉक्टरबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. माझा खोकला थांबला तेव्हा विषय पुढे गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे न्यायला घरी आले. फुटक्या खिडकीतून खाली पाहिलं तर फाटकाशी हलीमाखाला उभ्या होत्या, हातात तेलाची बाटली. वॉचमन त्यांना आत सोडत नव्हता, तसं त्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं. त्यांनी वर पाहिलं. मी दिसले. त्यांनी उजवा हात वर केला आणि पंजा उलटा-सुलटा हलवला, आपण 'काय?' असं विचारताना हलवतो तसा. मला वाटलं, त्या जाब विचारताहेत. शेगडी तुम्ही ठेवलीत ना, असं विचारताहेत. मी खिडकीतून मागे सरले. बऱ्याच वेळानं परत डोकावले तेव्हाही त्या तिथंच होत्या. हात अजून वरच होता.

नंतर आमच्या बाजूची सगळी घरं त्यांना बंद झाली. एक बाळ घालवणारी बाई म्हणून. मी कुणाला तसं सांगितलं नाही आणि तसं नाही असंही सांगितलं नाही. पुढच्या वर्षी एकदा धीर करून हर्सूलला गेले, तर ती पत्र्याची ओळच नव्हती. रस्ता रुंद झाला होता. मला हायसं वाटलं, हे लपवत नाही. नोकरी मी सोडली. फॉर्म जमा केले, प्रत्येकावर सातव्या प्रश्नापुढे माझ्याच अक्षरात 'नाही'. एक कोरा फॉर्म आणि ती नळी तेवढी माझ्याकडे राहिली.

निनाद आता नऊ वर्षांचा आहे. हुशार, आगाऊ, सुट्टीत माझ्याकडे येणारा. थंडीत त्याची छाती वाजते. त्या दिवसामुळे का, असं मी एका डॉक्टरांना विचारलं होतं. सांगता येत नाही, म्हणाले. तो मित्रांना ऐटीत सांगतो, "मी लहानपणी मेलोच होतो. एका बाईनं मारलं होतं." तो झोपला की मी दुपारीसुद्धा त्याच्या पोटाकडे बघत बसते. एकदा डोळे मिटूनच म्हणाला, "मावशी, मोजू नको ना. तू मोजलंस की मला श्वास घ्यायची भीती वाटते."

तर यंदाचा तो जाळीतून आलेला वास. मी ओल्या तोंडानं पायऱ्या उतरले. पहिल्या मजल्यावर एका घराचं दार सताड उघडं, समोरची खिडकी उघडी, आणि दारात एक तिशीतली बाई बाळाला पालथं धरून धुरी देत होती. धूर दारातून निमूट बाहेर चालला होता. मी म्हटलं, बरं केलंत दार उघडं ठेवलंत. ती, तिचं नाव शबाना, हसून म्हणाली, "सासूनं शिकवलंय, बाई. आधी खिडकी, मग दार, मग निखारा. अन् जाताना शेगडीत पाणी ओतल्याबिगर हलायचं नाय. तिच्या हातून एक बाळ गेलं म्हणते, हिकडंच कुठंतरी. निखारे न विझवता आली होती."

मी कठडा धरला. "सासूचं नाव काय?"

तिनं सांगितलं.

गेलं म्हणते. नऊ वर्षं. माझ्या डोळ्यांपुढे तो उलटा-सुलटा हलणारा पंजा आला, आणि तो काय विचारत होता ते मला नऊ वर्षांनी समजलं. जाब नव्हता तो. ती बाई फक्त विचारत होती, बाळ कसंय? आणि मी खिडकीतून मागे सरले होते. तिनं त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

त्याच दुपारी शबानाबरोबर गेले. जटवाड्याकडे एका योजनेत त्यांना पक्की खोली मिळाली आहे. स्लॅब, चार भिंती, एक खिडकी. एवढ्या थंडीत ती खिडकी उघडी होती आणि तिच्यासमोर खाटेवर, दोन शाली गुंडाळून, हलीमाखाला बसलेल्या. त्यांचा श्वास दारातूनच ऐकू येत होता, बारीक शिट्टीसारखा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना धुरी देणाऱ्या बाईची छाती. हा रकाना कुठल्याच फॉर्मात नव्हता. त्यांनी मला ओळखलं. 'या, बसा' असं काही म्हणाल्या नाहीत. उजवा हात शालीतून बाहेर काढला आणि पंजा हलवला. उलटा, सुलटा.

"जिवंत आहे," मी म्हणाले. "खाला, तो जिवंत आहे. नऊ वर्षांचा आहे."

त्यांचा हात तसाच राहिला.

"आणि शेगडी मी आत नेली होती. तुम्ही गेल्यावर. कोळसाही मीच घातला."

"निखारे माझे होते," त्या म्हणाल्या.

"तुम्ही हात लावू नका म्हणाला होतात."

 मला शिव्या हव्या होत्या. त्या म्हणाल्या, "मेरेकू सुनाव. उसका दम."

मी तिथूनच मंजूला फोन लावला. तिनं उचलला. मी एका दमात सांगून टाकलं, दम घेतला असता तर पुन्हा खोकला आला असता. "मंजू, ती शेगडी मी ठेवली होती. खालांनी नाही. मी त्यांच्यासमोर बसलेय आत्ता. त्यांना वाटत होतं निनाद गेला." पलीकडे काहीच नाही. रिकामं नव्हतं ते, मंजू तिथं होती, तिचा श्वास फोनवर येत होता. मी मोजू लागले. चौदापर्यंत ती बोलली नाही. "निनादला दे," मी म्हणाले. खुडबुड झाली.

"काय गं मावशी?"

"काही बोलू नको राजा. एक मिनिट नुसता श्वास घे."

"मोजणार आहेस?"

"मी नाही."

फोन मी खालांच्या कानाशी धरला. त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकवायला सुरुवात केली. एक पेर, दुसरं पेर. शबाना दारात उभी. बाहेर उन्हं उतरत होती आणि खालची करडी पट्टी हळूहळू वर येत होती. ते मिनिट माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब मिनिट होतं, आणि मी त्यातला एकही श्वास मोजला नाही. ते काम आता माझं नव्हतं.

खालांनी डोळे उघडले. फोन माझ्या हातातून घेतला, तोंडाशी धरला.

"छाती वाजती रे तुझी, बाबा," त्या म्हणाल्या. "खिडकी उघडी ठेवत जा."

 पलीकडून खिडकीची काच सरकल्याचा आवाज आला.